डोळ्यात पडलेलं फूल

आजीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. पाच-सहा वर्षांच्या पोराला हे वाक्य जसं कळेल तसंच मला कळलं होतं. कधीतरी पाटाच्या कडेने जाताना वाऱ्याने एक फूल उडालं, आजीच्या डोळ्यात पडलं आणि मग निघालंच नाही. दुपारी ती ओसरीवर लवंडली की मी तिच्या पापणीजवळ तोंड नेऊन बघायचो. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा दुधाळ ठिपका होता. पाकळ्या काही दिसत नव्हत्या. पण आमच्या बांधावर एकच फूल असं होतं की ज्याला हात लावायची घरातून मनाई होती. त्यामुळे हे फूल तेच, याबद्दल मला शंका नव्हती.

ते फूल पिवळ्या धोत्र्याचं. कुणी काटेधोत्रा म्हणतं, कुणी बिलायत. पुस्तकांत फिरंगी धोत्रा असंही नाव सापडतं. आमच्याकडे, कोपरगावच्या शिवारात, त्याला नावाने हाक मारायची वेळ फारशी येत नाही. ‘ते काटं’ एवढ्यावर भागतं. दिवाळीनंतर, जमिनीत पावसाची ओल अजून धरून असते तेव्हा, भुईसरपट पानांचं एक चक्र दिसायला लागतं. निळसर हिरवी, कातरलेली पानं, कडांना काटे, आणि प्रत्येक शिरेवरून चुन्याचं बोट ओढावं तशी पांढरी रेघ. संक्रांतीपर्यंत झाड गुडघ्याला लागतं आणि मग फुलं यायला लागतात. चार ते सहा पाकळ्या, पतंगाच्या कागदासारख्या पातळ. कळीत कोंबून ठेवल्याच्या चुण्या त्यांच्यावर फुलल्यानंतरही तशाच असतात, ट्रंकेतून काढून बिनइस्त्रीची नेसलेली साडी जशी. दोन दिवसांत पाकळ्या गळतात. देठ मोडला तर हळदीच्या पाण्यासारखा चीक येतो. मधमाश्या येतात खऱ्या, पण मधासाठी नाही. या फुलात मध नसतोच, त्या नुसते पराग नेतात.

आणि शेळी याला तोंड लावत नाही. जे शेळी खात नाही ते आमच्या भागात टिकतं. उन्हाळ्याच्या तोंडाला पडीक रानातलं हिरवं सगळं चरून संपलेलं असतं आणि हा एकटा उभा असतो, पिवळाधमक. पाहुण्यांना वाटतं, काय छान फुललंय माळरान!

पुण्याहून कोपरगावला मी अजूनही रेल्वेनेच जातो. बेलापूर गेलं की चितळी, पुणतांबा, कान्हेगाव ही स्टेशनं मोजत बसायची जुनी सवय आहे. दौंड-मनमाड मार्गाच्या दुहेरीकरणासाठी रुळांच्या बाजूची माती उकरली गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी खिडकीतून पाहिलं तर त्या कच्च्या भरावावर गवताच्या आधी हा येऊन बसला होता. समृद्धी महामार्गाचंही तेच. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. त्यासाठी आमच्या तालुक्यातून मातीचे डोंगर इकडून तिकडे नेले होते, आणि जिथून मुरूम काढला त्या खड्ड्यांच्या काठांवर पिवळा धोत्रा. हिंगणीला गोदावरीच्या काठी राघोबादादांच्या वाड्याचे अवशेष आहेत, तिथल्या पडक्या दगडांत पिवळा धोत्रा. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या जिथे पडतात त्या जागेवर, कारखान्याचा पट्टा पडला आणि बैलगाड्या गेल्या की पिवळा धोत्रा. माणसाने जमीन उकरली, तुडवली आणि मग तिच्याकडे पाठ फिरवली, की हा हजर. नांगरटीच्या, रोज खुरपल्या जाणाऱ्या रानात तो दबून असतो. घनदाट गवतातही त्याला फारसं जमत नाही. त्याला लागते ती आधी हाताळलेली आणि मग सोडून दिलेली जागा.

आमच्या शिवारात तो सगळ्यात जोमाने कुठे येतो सांगू? भावाभावांच्या बांधावर. वाटणीचा वाद असला की बांध दोघेही आपलाच म्हणतात आणि म्हणूनच खुरपत कुणीच नाही. आमच्या चुलत घराण्यातला असा एक बांध मी चाळीस वर्षं बघतोय. दरवर्षी होळीच्या सुमाराला तो लांबून हळदीने माखल्यासारखा दिसतो. तलाठ्याने नकाशा न उघडता सांगावं, की इथे दिवाणी दावा चालू आहे.

हे सगळं शिवार तसं फार जुनं नाही. गोदावरी इथून पूर्वीपासून वाहतेय, पण तिचं पाणी काळ्या रानात चढलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले तेव्हा. आधी इथे बाजरी-ज्वारी आणि दुष्काळ. कालवे काढले ते दुष्काळावरचा उतारा म्हणून, आणि पाण्यावर आला तो ऊस. इथल्या शेतकऱ्याला उसाची सवय नव्हती. ती होती सासवडच्या माळ्यांना. ते नीरेवरून इकडे गोदावरीच्या, प्रवरेच्या कालव्यांवर आले, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळं घातली. मागून साखर कारखाने आले. आमचं घर त्याच लोंढ्यातलं. पणजोबा बैलगाडीत काहिली घालून आले, असं घरात सांगतात. आजीचं माहेरही सासवडकडचंच. ब्लॉक, आवर्तन, सात नंबर अर्ज, पाटकरी, चारी हे पाटपाण्याचे शब्द आमच्या घरातले. मुलांना हे आई-बाबांच्या पाठोपाठ यायचे. आणि त्याच घरात काकू बांधावरच्या झाडाला ‘बाहेरचं बेणं’ म्हणते. मला हसू येतं. आम्ही येऊन उणीपुरी शंभर वर्षं झाली. पिवळा धोत्रा या देशात त्याच्या किती आधीपासून आहे!

मूळ तो मेक्सिकोचा आणि आसपासच्या कोरड्या मुलुखाचा. नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेवरून आलेलं त्याचं नाव आजही मेक्सिकोत चालतं, चिकालोते. सोनोराच्या वाळवंटातले सेरी लोक त्याचा काढा मूत्रपिंडाच्या दुखण्यावर घेत. युरोपी जहाजांनी तिकडून मिरची आणली, मका आणला, पेरू आणला, झेंडू आणला, आणि त्या सामानात हाही कुठेतरी आला. आता गंमत बघा. राहात्याचे पेरू आम्ही आपले म्हणून सांगतो. मक्याने अर्धा तालुका व्यापलाय. झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही, आणि तोही मेक्सिकोचा, तोही पिवळा. एक दारावर चढला आणि एक बांधावर राहिला. झेंडूने काट्यांची हौस केली नाही, एवढाच काय तो फरक.

आयुर्वेदाने मात्र याला घरात घेऊन पाहिलं. जुन्या संहितांमध्ये स्वर्णक्षीरी नावाची एक वनस्पती येते, सोन्यासारख्या चिकाची. पुढच्या काळात तिच्या जागी पुष्कळ ठिकाणी पिवळा धोत्राच वापरात आला. चरकाला हा माहीत असणं शक्य नाही, तो तेव्हा समुद्रापलीकडे होता. पण चीक सोन्यासारखा होता, नाव रिकामं होतं, दिलं. धोत्रा हे नावही तसंच. धोत्र्याचं फळ काटेरी, याचं बोंडही काटेरी, एवढ्यावरून हा धोत्रा झाला. वास्तविक धोत्रा वांग्या-मिरचीच्या कुळातला आणि हा अफूच्या. राघोबादादांच्या गावात राहणाऱ्या माणसाने याला काय म्हणावं? कुणीतरी केलेला ‘ध’ चा ‘मा’च. आनंदीबाई इथे राहिल्या, राघोबादादा १७८३ मध्ये इथे वारले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी धाकट्या चिमाजीअप्पांचा जन्मही इथलाच. त्या एका अक्षराचा बोभाटा मात्र गावाला अजून पुरतोय.

हिंदीत याचं नाव सत्यानाशी आहे. ते कशावरून पडलं हे कुणाला विचारावं लागत नाही.

आजीच्या डोळ्याची खरी गोष्ट मला बरीच उशिरा कळली. थोरल्या काकांच्या वेळी ती ओली बाळंतीण होती. डोळा आला, लाल झाला, उघडेना. दवाखाना होता, पण बाळंतिणीला बैलगाडीतून कोण नेणार? गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, पिवळ्या धोत्र्याचा चीक तुपात कालवून घाला, काजळासारखा. तीन दिवस घातला. आग आग झाली, मग ठणका उतरला, आणि डोळा उघडला तेव्हा त्यात फूल होतं.

यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले आणि ते आजीच्या शेवटापर्यंत टिकले. काकांचं म्हणणं, चिकाने डोळा घालवला. आजोबांचं म्हणणं, फूल आधीच पडलं होतं, चीक होता म्हणून दुसरा डोळा वाचला. दोघे जेवायला बसले की कधी कधी हा विषय निघायचा. ज्याच्या जन्मामुळे हे घडलं तो मुलगा चिकाला दोष देई आणि ज्याने चीक आणून दिला तो नवरा चिकाची बाजू घेई, हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आजी भाकरी थापत असायची. “दोघं बी गुमान जेवा. डोळा माझा गेलाय,” म्हणायची. मी एकदा तिला वेगळं विचारलं. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, “घातलं तेव्हा बरं वाटलं व्हतं बाबा. खोटं कशाला बोलू.”

आज डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरसमोर हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. झाडात सॅंग्विनारीन नावाचा विषारी अल्कलॉइड आहे. मी एका डॉक्टर मित्राला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला आणि वर विचारलं, “पण डोळ्यातच का? नायट्याला चीक लावतात ते मी ऐकलंय. डोळ्यात घालायचं कुणाला सुचलं?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आणि एका वनस्पतिकोशात मला त्याचं अर्धं उत्तर मिळालं. लिनिअसने १७५३ मध्ये या झाडाला नाव दिलं आर्जेमोने मेक्सिकाना. यातला मेक्सिकाना उघड आहे. आर्जेमोने हा ग्रीक शब्द. ‘आर्जेमा’ म्हणजे डोळ्यातला पांढरा डाग. तो डाग घालवते म्हणून अफूसारख्या दिसणाऱ्या एका झाडाला ग्रीक वैद्य आर्जेमोने म्हणत. ते झाड वेगळं, भूमध्य समुद्राकडचं. अमेरिका त्यांना कुठून माहीत असणार? पण नाव जुन्या ग्रंथांतून चालत आलं आणि या अमेरिकन झाडाला चिकटलं. म्हणजे आमच्या बांधावरच्या झाडाचं जगभर चालणारं शास्त्रीय नाव सरळ मराठीत आणायचं तर काय होईल? फूल. डोळ्यात पडलेलं फूल. पाच वर्षांचा मी अगदीच चुकलो नव्हतो.

पुस्तक मिटून मी थोडा वेळ बसून राहिलो. ग्रीक वैद्य, स्वीडनचा लिनिअस आणि आमच्या गल्लीतली ती कोण बाई, तिघं एकमेकांना भेटले नाहीत, आणि तिघांनी या पिवळ्या चिकाच्या कुळाकडे बघून डोळाच आठवला.

पण पुढे आणखी एक गोष्ट सापडली. सुश्रुताने डोळ्यांच्या रोगांत बुबुळावरच्या अशा पांढऱ्या डागाला नाव दिलंय, शुक्र. जखमेसह असेल तर सव्रण शुक्र, जखम नसेल तर अव्रण शुक्र. हे वाचलं आणि मला एकदम बेट दिसलं.

कोपरगावला नदीच्या त्या अंगाला बेट आहे. तिथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे. दैत्यांच्या या गुरूचं देऊळ विरळाच. आमच्याकडे कच-देवयानीची गोष्ट पुराणातली म्हणून सांगत नाहीत, शेजारच्या वाड्यात घडलेली असल्यासारखी सांगतात. कच इथेच संजीवनी विद्या शिकायला राहिला, कचेश्वराचं देऊळ ते बघ, असं. शुक्राच्या देवळात लग्न लावायला मुहूर्त बघावा लागत नाही, असंही सांगतात. ज्याच्या अस्ताने बाकीच्यांची लग्नं अडतात त्याच्याच दारात कोण कुणाला अडवणार? संजीवनी हे नाव इथे साखर कारखान्यापासून शाळा-कॉलेजांपर्यंत सगळीकडे आहे.

आणि शुक्राचार्य एका डोळ्याने आंधळे. वामन तीन पावलं जमीन मागायला आला, बळीराजा झारीने पाणी सोडायला निघाला, गुरूने ओळखलं की हा घात आहे. सूक्ष्म रूप घेऊन तो झारीच्या तोटीत जाऊन बसला. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली, डोळा फुटला. आजीला ही गोष्ट फार आवडायची. श्रावणात ती मला घेऊन बेटात जायची. तिथे इतर बायका डोळे मिटून हात जोडत आणि आजी उघड्या डोळ्यांनी जोडायची. “त्यो आन मी, दोघांत मिळून दोन,” असं एकदा पुटपुटली होती. तिला सव्रण-अव्रण काही माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यातल्या डागालाच वैद्यकात शुक्र म्हणतात हे सांगायला मी उशीर केला. कळलं तेव्हा ती नव्हती.

कचाला दैत्यांनी तीनदा मारलं. एकदा तुकडे करून लांडग्यांना घातला, एकदा कुटून समुद्राच्या पाण्यात कालवला, एकदा जाळून राख मद्यात मिसळली. तीनदा तो उठला. आमची काकू पिवळ्या धोत्र्याचं याहून काही वेगळं करत नाही. खुरप्याने मुळासकट काढते, बांधावर ढीग लावते, ढीग वाळला की पेटवते. पण बोंडं धरल्यावर उपटलं तर ढिगात पडल्या पडल्यासुद्धा ती पिकतात, टोकाकडून फाकतात आणि आतलं बी सांडतं. एका बोंडात शेकड्यांनी बी. ते जमिनीत वर्षानुवर्षं दम धरून राहतं. काकू म्हणते, “मेलं तरी मरंना.” शुक्राचार्यांच्या गावात ही तक्रार करायची म्हणजे जरा कठीणच.

१९९८ सालच्या पावसाळ्यात दिल्लीत लोक पाय सुजून दवाखान्यात यायला लागले. दम लागायचा, अंगावर लाल चट्टे. काही हजार लोक आजारी पडले, साठांवर माणसं गेली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल होतं. हा आजार नवा नव्हता. कलकत्त्यात १८७७ मध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि या बियांवर बोट ठेवायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गेली. सॅंग्विनारीनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पाणी पायात उतरतं, हृदय थकतं. आणि काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. पुन्हा डोळाच.

मी तेव्हा सुटीवर घरी होतो. पेपर आजीला वाचून दाखवायचं काम माझं. आमच्याकडे स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात, करडईच्या तेलात, मोहरी फोडणीपुरती. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण आजी उठून बसली.

“मोहरीत कसं गेलं?”

“दिसायला सारखंच असतं बी. काळं, बारीक. एकाच टायमाला पिकतं.”

“दिसायला आसंल सारखं,” ती म्हणाली. “हाताला न्हाई.”

मग तिने जे सांगितलं ते मी त्याआधी शंभर वेळा बघितलेलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. आठवडे बाजारातून मोहरी आली की ती सुपात घेऊन बसायची. पाखडून झालं की चिमूट चिमूट उचलायची आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवायची, दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत, बोलत. मध्येच एखादा दाणा बाजूला टाकायची. मला वाटायचं, खडा. तो धोत्र्याचा दाणा असायचा. मोहरी गुळगुळीत, बोटातून निसटते. याच्या अंगावर बारीक जाळी असते, खवल्यासारखी, आणि एका टोकाला नाकासारखं टोक. ते बोटाला अडतं. एका डोळ्याने बारीक निवडता येत नाही म्हणून तिने ही रीत शोधली होती, की सासवडहून आणली होती, की कुणी शिकवली होती, हे विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नाही. नंतर चार वर्षांनी ती गेली.

यंदा पाडव्याला गावी गेलो तेव्हा चारीला पाणी नव्हतं, आवर्तन लांबलं होतं. चुलत्यांच्या बांधावर धोत्रा वाळत आला होता. पाकळ्या संपल्या होत्या. बोंडं राखाडी होऊन वरून उघडली होती. धोतराच्या सोग्याने धरायची माझी पिढी नाही, मी रुमालाने धरून एक बोंड मोडलं आणि तळहातावर उलटं केलं. सुर्रकन दाणे आले, हात भरून. ते कागदात बांधून घरी आणले. स्वयंपाकघरातून मोहरीची डबी घेतली, पाच दाणे इकडचे, पाच तिकडचे बशीत एकत्र केले आणि ओसरीवर, ती जिथे बसायची तिथे, डोळे मिटून बसलो.

पहिला सोपा गेला, अडला. दुसरा निसटला. तिसऱ्याला मी बराच वेळ बोटांत फिरवत होतो. पुस्तकांची पानं उलटून उलटून माझ्या बोटांना बारीक काही कळेनासं झालंय की काय, कोण जाणे. दहातले चार चुकले. पुन्हा मिसळले, पुन्हा मिटले. आतून काकू बघत असावी.

“हात धुतल्याबिगर डोळ्याला लावू नको हां,” ती ओरडली, “आन ती बशी उचल तिथनं, कुणीतरी फोडणीला घालंल.”